बेळगावात पेंटबॉलचा संघ घडवायचा असेल तर

वाढदिवसाला दहा-बारा पोरं येतात, अर्धा तास एकमेकांवर रंग उडवतात, फोटो काढतात आणि वडापाव खाऊन घरी जातात. आमच्या भागात पेंटबॉल बहुतेक एवढ्यावरच चालतो. धंदा म्हणून त्यात वाईट काही नाही, पण त्यातून खेळाडू तयार होत नाही. पुढच्या रविवारी कुणाशी खेळायचं, जिंकलो तर पुढे काय, हे त्या पोराला कुणी सांगत नाही, म्हणून तो परत येत नाही. पुढची पायरी डोळ्यांसमोर असेल तरच पोरगा टिकतो, हे माझं ठाम मत आहे. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करतो. शाळेत असताना खानापूर तालुक्यात खो-खो खेळलो. आता बेळगुंदीच्या बाजूला काजूच्या बागेलगत एका माळावर पोरांना पेंटबॉल शिकवतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर किंवा पलीकडे चंदगड-गडहिंग्लजला कुणाला असा संघ उभा करायचा असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

आधी खेळ कुठला ते पोरांना स्पष्ट सांगा. 27 जून 1981 रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरजवळच्या जंगलात बारा जण पहिला डाव खेळले. त्यांच्या हातात होती ती झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची रंगाची पिस्तुलं. तो लपाछपीचा खेळ होता. आज व्यावसायिक पातळीवर जे खेळतात ते वेगळंच आहे. पाच-पाच जणांचे दोन संघ, साधारण 45 मीटर लांब आणि 36 मीटर रुंद मैदान, त्यात लपायला हवा भरलेले आडोसे म्हणजे बंकर, आणि दोन्ही संघांच्या अर्ध्या भागांत तंतोतंत सारखी मांडणी. बझर वाजला की दोन्हीकडून धावायचं. समोरच्याला रंगाचा बॉल मारून बाद करत त्याच्या घरापर्यंत, म्हणजे तो जिथून निघाला तिथपर्यंत, जाऊन बझर दाबला की एक पॉइंट. कधी कधी एका पॉइंटचा डाव मिनिटभरात संपतो. ठरलेले पॉइंट आधी करणारा जिंकतो. हे ऐकल्यावर जी पोरं पुढे सरकून बसतात ती आपली.

पोरं कुठून आणायची

वाढदिवसाच्या गर्दीतून निवडत बसू नका. खो-खोच्या मैदानावर जा. खो मिळाला की विचार करायला वेळ नसतो. कुठल्या दिशेला उठायचं ते बसल्या बसल्याच ठरलेलं असावं लागतं, कारण एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. पेंटबॉलमध्ये बझरनंतरची पहिली तीन सेकंदं अशीच असतात. शिवाय वाकून पळणं, खांबाजवळ अंग झोकणं, सूर मारून पडणं हे खो-खोच्या पोराला नव्यानं शिकवावं लागत नाही. मैदानाच्या एका कडेला 'स्नेक' नावाचा बुटका, लांबलचक बंकर असतो. त्यात सरपटत पुढे जाणारा खेळाडू मला आजवर खो-खोतूनच मिळाला आहे.

कबड्डीचा चढाई करणारा गडी मधल्या जागेला चांगला. समोरच्या सगळ्यांच्या पायांवर एकाच वेळी नजर ठेवायची सवय त्याला असते. तालमीतल्या पोराची मान आणि खांदे दणकट असतात, पण त्याला आधी हलकं पळायला शिकवा. आणि पहाटे सीपीएड मैदानावर किंवा गावच्या रस्त्याला फौजेच्या भरतीसाठी पळणारी पोरं विसरू नका. त्यांचा दम तयार असतो, शिस्तही असते. त्यातला एखादा भरती झाला की संघ सोडून जाणार, हे धरूनच चाला आणि तो जाईल तेव्हा त्याला हार घालून पाठवा. त्याच्या गावातून पुढची दोन पोरं आपोआप येतात.

पाठीमागच्या जागेला मी वेगाऐवजी आवाज बघतो. ज्याला ओरडताना लाज वाटत नाही आणि घाबरल्यावरही ज्याचे शब्द स्पष्ट येतात, तो मागे. मुलींना वेगळं काढू नका, मुला-मुलींनी एकाच संघात खेळायला या खेळात आडकाठी नाही.

घरच्यांकडे मात्र स्वतः जा. मास्क सोबत न्या आणि आईच्या हातात द्या. बॉल लागल्यावर वळ उठतो, तो चार-पाच दिवस निळा राहतो, हे आधीच सांगा. बॉलचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. फुटलेल्या बॉलचा रंग मास्कच्या जाळीतून कधी ओठांवरही येतो. आपल्याकडे माळकरी घरं आहेत, जैन घरं आहेत. हे त्यांना पहिल्याच दिवशी माहीत असलं पाहिजे. नंतर कळलं तर पोराला आणि घरच्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. इथं पोरांना फौजी पट्ट्यांचे कपडे घालून मैदानात उतरवू नका. जर्सी घाला, भडक रंगाची, पाठीवर नाव आणि नंबर असलेली. जगातले सगळे व्यावसायिक संघ तसेच खेळतात. मार्कर, म्हणजे रंगाचे बॉल मारायचं यंत्र, कायम बॅगेत, बसमध्ये किंवा दुचाकीवर उघडा कधीच नाही. जागा घेण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, मार्करला परवाना लागतो का ते वकिलाकडून लेखी घ्या आणि आयातीची बिलं फाइलला लावा. संघातही 'बंदूक' म्हणू देऊ नका, मार्करच म्हणायचं. पोराची भाषा बदलली की हाताळणीही बदलते.

मैदान आणि हवा

बाहेरून आणलेले हवेचे बंकर महाग पडतात. सुरुवातीला प्लॅस्टिकचे ड्रम, बांबूच्या सांगाड्यावर ताणलेलं जुनं फ्लेक्स, भुसा भरलेली पोती, एवढ्यावर काम होतं. टोकदार काही नको, आणि दोन्ही बाजू सारख्या हव्यात. फितीनं मोजा, अंदाजानं ठेवू नका, कारण एका बाजूला अर्धा मीटरचा फरक पडला तरी सराव खोटा होतो. आमच्या तांबड्या मातीत बारीक खडी असते. पोरं घसरत जाणार, म्हणून ती वेचून काढा. रेषांना रांगोळी वापरा, चुना डोळ्यांत आणि खरचटलेल्या जागी झोंबतो. कडेची जाळी दुहेरी बांधा आणि बांधल्यावर जवळून बॉल मारून तपासा. बॉल आरपार गेला तर ती जाळी प्रेक्षकांसमोर लावायची नाही.

मास्कवर एएसटीएम एफ1776 हा पेंटबॉलच्या मास्कसाठीच्या सुरक्षा मानकाचा आकडा असलाच पाहिजे. मोटारसायकलचा गॉगल, वेल्डिंगचा चष्मा असलं काही चालवून घेऊ नका. मैदानाच्या आत मास्क निघाला की खेळ थांबला, मग तो कुणाचाही असो. मैदानाबाहेर मार्करच्या नळीवर कापडी टोपी. बॉलचा वेग रोज सकाळी आणि जेवणानंतर क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, मोजा. 300 फूट प्रति सेकंद, म्हणजे सुमारे 91 मीटर, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. मी 280 वर ठेवतो.

हवेबद्दल उद्यमबागेतल्या माझ्या सोबत्यांना मुद्दाम सांगतो. मार्करची हवेची बाटली 3000 किंवा 4500 पीएसआय दाबाची असते. गॅरेजचा कंप्रेसर दीडशेच्या आसपास थांबतो, त्याचा इथे उपयोग नाही. स्कूबावाले वापरतात तसा उच्च दाबाचा कंप्रेसर लागतो, नाहीतर मोठ्या सिलिंडरवरून फिल स्टेशननं भरायचं. कार्बन डायऑक्साइड स्वस्तात मिळतो, पण भराभर बॉल मारले की तो गारठतो आणि दाब वर-खाली होतो, त्यामुळे पोराला आपला नेम चुकला की गॅसमुळे बॉल खाली पडला हेच कळत नाही. आणि बाटली भरायच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही. आपला हात सवयीनं ऑइलकॅनकडे जातो. एवढ्या दाबाची हवा झपकन आत शिरते तेव्हा ती तापते, आणि तिथं तेल असेल तर ते पेट घेतं. मार्करच्या आतल्या ओ-रिंगला कंपनीनं सांगितलेलं ग्रीस लावा, ओ-रिंग बदला, बोल्ट साफ करा. बाटलीचा व्हॉल्व्ह मात्र कुणी लेथवर धरायचा नाही.

पेंट, म्हणजे रंगाचे बॉल, आपल्या हवेत फार लवकर बिघडतो. जिलेटिन ओल ओढतं. बॉलचा मूळ व्यास 0.68 इंच, पण जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी हवेत उघडा राहिला तर तो फुगतो आणि नळीतच फुटतो. खोकं घट्ट बंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, अधूनमधून खोकं उलटं करा, म्हणजे बॉल एकाच बाजूनं चपटे होत नाहीत. खेळण्याआधी नळीत एक बॉल टाकून बघा. आपोआप घरंगळला तर नळी मोठी, फुंकर मारून सरकला तर बरोबर, फुंकूनही हलला नाही तर तो पेंट त्या दिवशी वापरू नका.

सराव: पेंट कमी, डोकं जास्त

एका खोक्यात 2000 बॉल असतात. हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या बॉलच्या डब्यात, साधारण 200 मावतात. सेकंदाला दहा या वेगानं मारले तर हॉपर वीस सेकंदांत रिकामा होतो. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला हा खर्च दर रविवारी झेपणार नाही, म्हणून आमचा निम्म्याहून जास्त सराव पेंटशिवाय चालतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

रोजची सुरुवात ब्रेकआऊटनं, म्हणजे बझरनंतरच्या पहिल्या धावेनं. मोबाइलवर बझर, पाचही जण आपापल्या बंकरपर्यंत, पुन्हा मागे. मार्कर हातात, हवा नाही. मग एका मुलाला भरलेला हॉपर देऊन समोर उभं करायचं. त्यानं दोन बंकरांमधल्या एकाच मोकळ्या जागेत सलग बॉल सोडायचे, यालाच लेन म्हणतात, आणि बाकीच्यांनी त्या जागेतून पार व्हायचं. पेंट एकाचाच खर्च होतो आणि शिकतात सहा जण. लेन मारणाऱ्याला सांगा की माणसावर नेम धरू नकोस, जागा धर, माणूस तिथं येणार आहे.

दुसरा सराव स्नॅपचा. दोन बंकर, दोन पोरं, प्रत्येकाला पाचच बॉल. डोकं बाहेर, एक बॉल, डोकं आत. आधी मार्कर बाहेर काढून मग डोकं काढणारा पोरगा नेहमी मरतो. डोळा, नळी आणि खांदा एकदमच बाहेर आले पाहिजेत. आणि डावा हात. उजव्या हाताचा खेळाडू बंकरच्या डाव्या बाजूनं खेळताना अर्धं अंग उघडं टाकतो. मी नव्या पोराला पहिला महिना डाव्या हातानंच खेळवतो. रडकुंडीला येतात, पण दुसऱ्या महिन्यात त्यांना मैदान दुप्पट मोठं वाटतं.

हाका कुठल्या भाषेत द्यायच्या हे आमच्याकडे ठरवावंच लागतं. एका संघात घरी मराठी बोलणारा, घरी कन्नड बोलणारा आणि घरी उर्दू बोलणारा असे तिघे असतातच. शांत असताना सगळ्यांना सगळं कळतं. बॉल डोक्यावरून जायला लागले की प्रत्येकजण आपल्या आईच्या भाषेत ओरडतो. म्हणून दहा-बारा हाका पक्क्या करा, प्रत्येक दोन शब्दांची: आधी बाजू, मग आकडा. त्या भिंतीवर लिहून ठेवा आणि सरावात दुसरा शब्द आला तर पॉइंट थांबवा.

प्रत्येक पॉइंटनंतर बाद झालेल्याला तीन प्रश्न: कुठं होतास, कुणी मारलं, तो तिथं आहे हे तुला माहीत होतं का? 'नशीब' हे उत्तर मी घेत नाही. उत्तरं वहीत लिहायची, त्यानं स्वतः, स्वतःच्या अक्षरात. दोन महिन्यांनी वही चाळली की पोराला दिसतं की आपण दर वेळी उजव्या कोपऱ्यावरच्या माणसाकडून मरतोय. मग तो स्वतःहून सांगतो, दादा, मला त्या कोपऱ्याचा सराव द्या. त्या दिवसापासून त्याला ढकलावं लागत नाही.

मोठ्यांचा डाव आपल्या माळावर

पोरांना पेटवणारी सर्वात चांगली गोष्ट फुकट मिळते. अमेरिकेतली नॅशनल एक्सबॉल लीग, म्हणजे एनएक्सएल, प्रत्येक स्पर्धेआधी मैदानाची मांडणी जाहीर करते. कुठला बंकर कुठं, सगळं आकड्यांसह. आम्ही ती मांडणी ड्रम आणि पोत्यांनी जशीच्या तशी माळावर उभी करतो. मग दोन रविवार त्यावरच खेळायचं आणि वाद घालायचा: स्नेककडे पहिल्याच धावेत जावं का, मधला उभा बंकर घ्यावा का, लेन कुठल्या फटीत टाकावी. प्रत्येकाचं मत वहीत.

मग खरी स्पर्धा इंटरनेटवर बघायची. सॅन डिएगो डायनेस्टी, एडमंटन इम्पॅक्ट, ह्यूस्टन हीट, लॉस एंजेलिस आयर्नमेन हे संघ त्याच मांडणीवर उतरतात. फ्लोरिडात वर्ल्ड कप होतो तो नोव्हेंबरच्या सुमारास. तिथं दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, म्हणजे कामावरून येऊन, जेवून बसता येतं. आमच्यातला कुणी जिथं जायचं म्हणत होता तिथंच डायनेस्टीचा खेळाडू गेला की खोलीत जो आरडाओरडा होतो, त्यानंतर मला प्रोत्साहनाचं भाषण करावं लागत नाही. आणि तो वेगळीकडे गेला तर का गेला, यावर पुढचा अख्खा आठवडा जातो. आपण तोच खेळ खेळतोय, फक्त ते जास्त वेगानं आणि कमी चुका करत खेळतात, एवढं पोराला कळलं की वरची जागा त्याला परकी वाटत नाही.

स्पर्धा भरवताना

एकच मोठी स्पर्धा आणि भलंमोठं रोख बक्षीस, हा आपल्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेटचा रिवाज पेंटबॉलला लावू नका. त्यानं एका दिवसापुरते जमवलेले संघ येतात आणि पैसे घेऊन जातात. त्यापेक्षा ऑक्टोबर ते मे या काळात चार तारखा ठरवा आणि चारही दिवसांच्या गुणांचा एकच तक्ता ठेवा. जून ते सप्टेंबर पाऊस खेळू देत नाही, ते महिने व्यायाम आणि व्हिडिओसाठी. मार्च सोडा, एसएसएलसी आणि पीयूसीच्या, म्हणजे दहावी-बारावीच्या, परीक्षा असतात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आसपासही तारीख नको, अर्धा बेळगाव रात्रभर रस्त्यावर असतं. बाकी आपली जागा सोयीची आहे. कोल्हापूर, हुबळी-धारवाड, पणजी, तिन्हीकडचे संघ पहाटे निघून रात्री घरी पोचू शकतात.

पाच जणांचे संघ जमत नसतील तर तीन-तीन जणांचे सामने ठेवा. नवख्यांचा गट वेगळा, आणि त्यात जिंकलेल्या संघानं पुढच्या हंगामात वर गेलंच पाहिजे, खालीच राहून चषक गोळा करायचे नाहीत. पेंट सगळ्यांना आयोजकाकडूनच, एकाच खोक्यातला, आणि एका पॉइंटला एक हॉपर आणि 140 बॉलचा एक पॉड, म्हणजे जादा बॉलची नळकांडी, एवढाच. म्हणजे ज्याच्या वडिलांकडे पैसे आहेत तो नुसत्या पेंटवर जिंकत नाही.

सगळ्यात जास्त मेहनत रेफरीवर घ्या. अंगावर फुटलेला रंग हातानं पुसून खेळत राहणं ही या खेळातली सर्वात घाण चोरी आहे, आणि नवख्या स्पर्धा तिच्यामुळेच मोडतात. एकदा पुसताना सापडला तर तो आणि त्याच्यासोबतचा एक खेळाडू त्या पॉइंटला बाहेर. दुसऱ्यांदा सापडला तर तो हंगामभर बाहेर, मग तो माझा सर्वात चांगला पोरगा का असेना. ज्या संघाचा सामना नसेल त्यानं रेफरी द्यायचे. रेफरी म्हणून उभा राहिलेला पोरगा खेळ दुप्पट वेगानं शिकतो, कारण दोन्ही बाजू त्याला एकदम दिसतात.

बक्षीस द्यायचं तर पुढच्या स्पर्धेची प्रवेश फी, पेंटचं खोकं, प्रवासखर्च असं द्या.

वरच्या पायऱ्या

पोरांना खोटं सांगू नका. एनएक्सएलमध्ये खेळणारे बहुतेक खेळाडूही दुसरी नोकरी-धंदा करूनच खेळतात. पेंटबॉलवर घर चालेल असं मी कुणालाही सांगत नाही. जो आयटीआय करतोय त्यानं आयटीआय पूर्ण करायचं, ज्याची कारखान्यात पाळी आहे त्यानं ती सांभाळूनच यायचं. हे सांगितल्यावर जे उरतात त्यांच्यावर वेळ घाला.

पण पायऱ्या खऱ्या आहेत, आणि त्या नावानिशी दाखवा. एनएक्सएलमध्ये डिव्हिजन पाचपासून चार, तीन, दोन असं चढत सेमी-प्रो आणि मग प्रो. खेळाडूची पातळी त्याच्या निकालांवरून ठरते, ओळखीवरून नाही. आशियात मलेशिया हे या खेळाचं जुनं ठाणं, लंगकावी बेटावर वर्ल्ड कप एशिया भरलेला आहे. आपल्या पोरांना अमेरिकेआधी तिकडचा रस्ता जवळचा. म्हणून वरच्या गटात आलेल्या प्रत्येकाला मी आधी पासपोर्ट काढायला लावतो, बोलावणं आल्यावर नाही. विमानात हवेच्या बाटल्या नेण्याच्या भानगडीत पडू नका, तिथं भाड्यानं घ्या. मार्कर चेक-इन सामानात, सुटा करून, बिलासह, आणि विमान कंपनीला आधी लेखी विचारून.

बाहेरगावी संघ नेताना पाच नव्हे, सात जणांना न्या. पहिले पाच तक्त्यावरच्या गुणांनी ठरतात, त्यात माझी मर्जी चालत नाही. सहावा तो, ज्याची वही सर्वात पूर्ण भरलेली आहे. सातवा मार्कर दुरुस्त करणारा, उद्यमबागेतला, आणि त्याच्या पाठीवरही बाकीच्यांसारखंच नाव आणि नंबर.